डोळ्यांचा वाढलेला दाब आणि तोंडाची कोरड : औषधांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोळ्यांत थेंब घालणारी आणि दिवसभर पाण्याची बाटली जवळ बाळगणारी व्यक्ती बऱ्याचदा एकच असते. पण डोळ्यांचे डॉक्टर डोळे बघतात, दातांचे डॉक्टर तोंड बघतात आणि दोन चिठ्ठ्या शेजारी ठेवून कोणी वाचत नाही. इथले बरेचसे प्रश्न त्या दोन चिठ्ठ्यांच्या मधल्या जागेतले आहेत. उत्तरे माहितीसाठी आहेत. औषध सुरू करणे, बदलणे किंवा थांबवणे हे डॉक्टरांशी बोलूनच.

डोळ्यांचा दाब आणि तोंडाची कोरड यांचा एकमेकांशी संबंध काय?

आजार म्हणून फारसा नाही, औषधांच्या बाबतीत मात्र खूप आहे. लाळग्रंथींना 'लाळ सोडा' असा निरोप ज्या रसायनामार्फत जातो, त्याचे नाव अ‍ॅसिटिलकोलीन. बाहुली लहान करणारा स्नायू आणि डोळ्यातल्या भिंगाभोवतीचा स्नायूही याच रसायनाच्या इशाऱ्यावर आकसतात. तो इशारा झेलणाऱ्या पेशींवरच्या जागांना मस्कॅरिनिक ग्राहक म्हणतात.

आता औषधांकडे पाहा. पायलोकार्पिन या ग्राहकांना जागे करते, म्हणून त्याचे थेंब डोळ्याचा दाब उतरवतात आणि त्याचीच गोळी तोंडाला लाळ आणते. उलट हे ग्राहक बंद करणारी औषधे तोंड कोरडे करतात आणि काही लोकांच्या डोळ्यांत दाबही चढवतात. तिसरा प्रकार ब्रिमोनिडीनसारख्या थेंबांचा. ते वेगळ्या वाटेने दाब उतरवतात, पण तोंड कोरडे पाडतात. एवढे लक्षात ठेवले तर पुढची बहुतेक उत्तरे सोपी जातील.

दाब किती असला की 'वाढलेला' म्हणायचा? आणि लगेच थेंब सुरू करायलाच हवेत का?

साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा ही नेहमीची मर्यादा मानतात. २१ च्या वर गेला म्हणजे काचबिंदू, म्हणजे डोळ्याच्या नसेचे नुकसान करणारा आजार, झाला असे नाही. दाब जास्त, पण डोळ्याची नस आणि दृष्टीचे क्षेत्र शाबूत, अशा अवस्थेवर अमेरिकेत मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. पाच वर्षांत उपचार न घेतलेल्यांपैकी ९.५ टक्के लोकांना काचबिंदू झाला, थेंब घेणाऱ्यांपैकी ४.४ टक्के लोकांना. म्हणजे थेंबांनी धोका निम्म्याहून कमी झाला. पण उपचार न घेणाऱ्यांपैकीही दहातल्या नऊ जणांना त्या काळात काही झाले नाही, हेही तितकेच खरे.

म्हणून डॉक्टर नुसता आकडा बघत नाहीत. वय, नसेची स्थिती, घरात कोणाला काचबिंदू आहे का आणि बुबुळासमोरच्या पारदर्शक पडद्याची जाडी, हे सगळे धरून ठरवतात. ती जाडी सरासरी ५४० मायक्रॉनच्या आसपास असते. पडदा जाड असला तर यंत्र दाब जास्त दाखवते, पातळ असला तर कमी. जाडी मोजलीच नसेल तर 'मोजता का?' असे विचारायला संकोच नको.

सुरुवातीला कोणते थेंब देतात? लॅटॅनोप्रोस्ट चांगले की टिमोलॉल?

बहुतेकांसाठी पहिली निवड लॅटॅनोप्रोस्ट किंवा त्याची भावंडे, म्हणजे ट्रॅव्होप्रोस्ट, बिमॅटोप्रोस्ट, टॅफ्लुप्रोस्ट. दिवसातून एकदा, सहसा रात्री, एक थेंब. डोळ्याच्या आत तयार होणारे पाणी (अश्रू नव्हे) बाहेर जाण्याची वाट ते मोकळी करतात आणि दाब साधारण २५ ते ३३ टक्क्यांनी उतरतो. हृदय, फुप्फुसे यांना जवळजवळ धक्का लागत नाही. त्रास होतो तो डोळ्यापुरता : लाली, खाज, पापण्यांचे केस लांब आणि दाट होणे, पापणीची कातडी काळवंडणे. डोळ्याचा रंग तपकिरी-हिरवा असा मिश्र असेल तर बुबुळ कायमचे गडद होऊ शकते. एकाच डोळ्यात थेंब घालायचे असतील तर दोन डोळे वेगळे दिसू लागतील, हे आधीच माहीत असलेले बरे. डोळ्याच्या आत दाह असेल किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया गुंतागुंतीची झाली असेल तर डॉक्टर हे थेंब जपून देतात.

टिमोलॉल १९७८ पासून वापरात आहे. ते पाणी तयार होण्याचे प्रमाण कमी करते आणि दाब २० ते २५ टक्क्यांनी उतरवते. सहसा दिवसातून दोनदा घालतात, पण झोपेत त्याचा परिणाम फारसा होत नाही. स्वस्त आहे, डोळ्याला फार झोंबत नाही, पापण्या काळ्या करत नाही. मग अडचण कुठे? हा बीटा-ब्लॉकर आहे, म्हणजे हृदयाचा वेग कमी करणाऱ्या गटातले औषध. डोळ्यातला थेंब अश्रुनलिकेतून नाकात उतरतो, नाकाच्या अस्तरातून थेट रक्तात जातो आणि यकृताची चाळणी चुकवतो. त्यामुळे एवढासा थेंबही दमेकऱ्याला धाप लावू शकतो आणि मुळात मंद असलेली नाडी आणखी मंद करू शकतो. दमा, फुप्फुसांचा जुनाट अडथळ्याचा आजार, हृदयातला विद्युत-अडथळा यांपैकी काही असेल तर टिमोलॉल नको. मधुमेहात साखर एकदम उतरली की छातीत धडधडून जो इशारा मिळतो, तोही हे औषध झाकून टाकते.

माझे मत विचाराल तर, 'कोणती औषधे चालू आहेत?' या प्रश्नाला उत्तर देताना लोक सर्वांत जास्त वेळा विसरतात ते हेच थेंब. डोळ्यातले म्हणजे औषधच नव्हे, असा काहीतरी समज आहे.

ब्रिमोनिडीन सुरू केल्यापासून तोंड कोरडे पडते. हे थेंबांमुळे असू शकते का?

हो, असू शकते. तोंड कोरडे पडणे हा या थेंबांचा नेहमीचा दुष्परिणाम आहे. सोबत मरगळ आणि झोपाळूपणाही येतो. काही महिन्यांनी डोळ्यांना अ‍ॅलर्जी होऊन लाली आणि खाज येणे हे थेंब बंद करावे लागण्याचे नेहमीचे कारण. ०.२ टक्क्यांऐवजी ०.१५ किंवा ०.१ टक्के तीव्रतेचे थेंब काहींना जास्त सोसतात.

इथे एक साखळी तयार होऊ शकते. थेंबांनी तोंड कोरडे पडते, ती तक्रार दुसऱ्या डॉक्टरांकडे जाते आणि लाळेची गोळी सुरू होते. गोळीने घाम येतो, मग घामावर आणखी काही. त्यापेक्षा डोळ्यांच्या डॉक्टरांना सरळ सांगावे की कोरड या थेंबांनंतर सुरू झाली. बदलायला इतर गट आहेत. आपण होऊन मात्र थेंब बंद करू नयेत. दाब हळूहळू चढला तर सहसा दुखत नाही, त्यामुळे सगळे ठीक आहे असे वाटत राहते आणि नसेचे नुकसान भरून येत नाही.

दोन वर्षांखालच्या मुलांना ब्रिमोनिडीन देत नाहीत, कारण त्यांचा श्वास मंदावू शकतो. अंगावर पाजणाऱ्या आईनेही त्यामुळेच आधी विचारावे.

बाकीचे थेंब आणि गोळ्या?

डॉर्झोलॅमाइड आणि ब्रिंझोलॅमाइड पाणी तयार होणे कमी करतात. थेंब घातल्यावर थोड्या वेळाने तोंडात कडू चव येते. थेंब घशात उतरल्याची ती खूण. लाळ आधीच कमी असेल तर ही चव जास्त वेळ रेंगाळते. सल्फा औषधांची गंभीर अ‍ॅलर्जी झालेली असेल तर डॉक्टरांना सांगावे. नेटार्सुडिल २०१७ मध्ये मंजूर झालेले तुलनेने नवे औषध, रोज एकदा. डोळे लाल होणे ही त्याची ठरलेली तक्रार.

अ‍ॅसिटाझोलॅमाइडची गोळी दाब फार चढला की थोड्या दिवसांसाठी देतात. बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या, वारंवार लघवी, सोडायुक्त पेयांची चव बिघडणे हे ठरलेले. पोटॅशियम उतरणे आणि मुतखडा होणे ही गंभीर बाजू.

थेंब नकोतच, असे म्हणता येते का?

उघड्या कोनाच्या काचबिंदूत किंवा नुसत्या वाढलेल्या दाबात लेझरने सुरुवात करता येते. (कोन म्हणजे बुबुळ आणि पारदर्शक पडदा यांच्या मधली, डोळ्यातले पाणी बाहेर जाण्याची जागा. ती अरुंद होऊन बंद झाली तर तो बंद कोनाचा काचबिंदू.) ब्रिटनमधल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. लेझर घेतलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोकांचा दाब तीन वर्षांनंतरही थेंबांशिवाय ताब्यात होता. ज्यांचे तोंड आणि डोळे आधीच कोरडे आहेत, त्यांनी हा पर्याय नक्की विचारावा. परिणाम कायमचा नसतो, पण थेंबांची वर्षे वाचतात.

पायलोकार्पिनचे थेंब जुने झाले ना? मग अजून का देतात?

जुने आहेतच. दक्षिण अमेरिकेतल्या जाबोरांडी झुडपाच्या पानांतून हे द्रव्य १८७५ मध्ये वेगळे केले गेले आणि पुढच्या एक-दोन वर्षांतच काचबिंदूवर वापरले जाऊ लागले. भिंगाभोवतीचा स्नायू आकसला की पाणी झिरपण्याची जाळी ताणून उघडते आणि दाब उतरतो. पण दिवसातून चार वेळा थेंब, भुवईच्या वरचे दुखणे, तरुणांना दूरचे धूसर दिसणे आणि बाहुली बारीक झाल्यामुळे अंधारात चाचपडणे, एवढे सोसून रोज कोण घालणार? मोतीबिंदू असेल तर दिसायला आणखी अडचण. क्वचित डोळ्याचा मागचा पडदा (रेटिना) सुटण्याचा धोकाही असतो. म्हणून रोजच्या उपचारातून हे थेंब बहुतेक मागे पडले. बंद कोनाचा झटका आणि लेझरपूर्वीची तयारी अशा मोजक्या वेळी ते अजूनही लागतात. १.२५ टक्के तीव्रतेचे थेंब २०२१ मध्ये अमेरिकेत चाळिशीनंतरच्या जवळच्या नजरेसाठी मंजूर झाले, पण तो उपयोग निराळा.

कोरड्या तोंडासाठी पायलोकार्पिनची गोळी आणि सेव्हिमेलिन यांत फरक काय?

आधी एक अट. दोन्ही औषधे लाळग्रंथींना ढोसतात, नवी ग्रंथी तयार करत नाहीत. ग्रंथी पूर्ण निकामी झाल्या असतील तर ढोसून काही निघत नाही.

पायलोकार्पिनची गोळी डोके-मानेच्या कर्करोगासाठी किरणोपचार झालेल्यांना सहसा ५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा देतात. जोग्रेन आजारात, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लाळ आणि अश्रुग्रंथींवर उलटते त्या आजारात, ५ मिलिग्रॅम दिवसातून चारदा. सेव्हिमेलिन जोग्रेनसाठीच मंजूर आहे, ३० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा. ते ग्रंथींमधल्या ग्राहकांवर जास्त रोख धरते आणि शरीरात जास्त वेळ टिकते. त्याचे प्रमाण निम्मे व्हायला सुमारे पाच तास लागतात, पायलोकार्पिनचे साधारण पाऊण ते सव्वा तासात होते. त्यामुळे पायलोकार्पिनचा जोर पटकन येतो आणि पटकन जातो. जेवणाच्या थोडे आधी गोळी घेऊन त्याचा फायदा करून घेता येतो. फार तेल-तुपाच्या जेवणासोबत घेतली तर ती सावकाश शोषली जाते.

घाम हा दोन्हींचा मुख्य दुष्परिणाम, पण पायलोकार्पिनचा जास्त. किरणोपचारानंतरच्या चाचण्यांत ५ मिलिग्रॅम तीनदा घेणाऱ्या सुमारे ३० टक्के लोकांना घामाचा त्रास झाला. १० मिलिग्रॅमवर तो सुमारे दोन तृतीयांश लोकांना झाला. शिवाय मळमळ, नाक गळणे, वारंवार लघवी, अंग गरम होणे. घामावाटे गेलेले पाणी भरून काढायला हवे, नाहीतर कोरड घालवायला घेतलेल्या गोळीनेच शरीर कोरडे पडायचे.

कोणती चांगली? घामाने हैराण असाल तर सेव्हिमेलिन करून पाहण्यासारखे. ते मात्र यकृतातल्या ज्या यंत्रणेतून जाते, तिला नैराश्यावरची फ्लुऑक्सेटिन, पॅरोक्सेटिन ही औषधे अडवतात आणि मग त्याचे रक्तातले प्रमाण वाढू शकते. किरणोपचारानंतरच्या कोरडीसाठी पायलोकार्पिनचाच अनुभव मोठा. यकृताचा मध्यम आजार असेल तर त्याची मात्राही कमी ठेवतात.

गोळी घेऊन आठवडा झाला, फरक नाही. बंद करू का?

एवढ्यात नाही. जोग्रेनमध्ये साधारण सहा आठवडे आणि किरणोपचारानंतर बारा आठवड्यांपर्यंत वाट पाहावी लागते. त्यानंतरही काही नसेल तर ओढत बसण्यात अर्थ नाही, डॉक्टरांशी बोलून थांबवावी.

मला काचबिंदूही आहे. लाळेसाठीच्या पायलोकार्पिन गोळीने डोळ्याचा दाबही उतरेल ना? एका दगडात दोन पक्षी?

नाही. थेंबामुळे औषध डोळ्याच्या आत जेवढे पोहोचते, तेवढे गोळीतून पोहोचत नाही. दाबासाठी गोळीवर विसंबणे म्हणजे उपचाराविना राहणे. थेंब चालूच ठेवायचे. आणि थेंब तोंडात टाकून पाहायचा विचारही नको. त्यातली तीव्रता आणि संरक्षक द्रव्ये डोळ्याच्या हिशेबाची असतात, मात्रा मोजता येत नाही.

मग काचबिंदू असताना ही गोळी चालते की नाही? माहितीपत्रकात मनाई लिहिली आहे.

पत्रक नीट वाचा. मनाई अरुंद किंवा बंद कोनाच्या काचबिंदूत आहे. बुबुळाच्या आत दाह असताना आणि ताब्यात नसलेल्या दम्यातही आहे. उघड्या कोनाच्या काचबिंदूत सरसकट मनाई नाही. गोंधळ होतो, कारण बंद कोनाच्या झटक्यात तज्ज्ञ पायलोकार्पिनचेच थेंब घालतात. तिथे ते बुबुळाला कोनातून ओढून वाट मोकळी करतात. पण तेच औषध भिंगाला थोडे पुढे ढकलते आणि बुबुळ भिंगाला चिकटून पाण्याची वाट आणखी अडू शकते. कधी, किती थेंब घालायचे हे त्यामुळेच मोजूनमापून ठरते. दाब फार चढलेला असताना बाहुलीचा स्नायू दमलेला असतो, थेंबांना दाद देत नाही. म्हणून आधी इतर औषधांनी दाब उतरवतात.

'तुम्हाला काचबिंदू आहे' एवढ्यावर समाधान मानू नका. 'कोन उघडा आहे की अरुंद?' हे विचारून कागदावर लिहून घ्या. पुढची कितीतरी औषधे या एका उत्तरावर ठरतात. अरुंद कोनासाठी लेझरने बुबुळाला छिद्र केलेले असेल तर तेही सांगावे.

टिमोलॉल थेंब चालू आहेत. पायलोकार्पिन किंवा सेव्हिमेलिनची गोळी सोबत घेता येते का?

सावधगिरीने. दोन्ही गोळ्यांच्या माहितीत बीटा-ब्लॉकरसोबत हृदयातल्या विद्युतवहनात अडथळा येऊ शकतो असा इशारा आहे, आणि टिमोलॉल थेंब बीटा-ब्लॉकरच आहेत. हृदय धडधाकट असेल तर डॉक्टर लक्ष ठेवून देतातही. नाडी मुळातच मंद असेल, चक्कर येत असेल किंवा रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉलसारखी गोळी आधीच चालू असेल, तर थेंबांचा गट बदलणे शहाणपणाचे.

जोग्रेन आहे, डोळेही कोरडे आहेत आणि दाबही जास्त आहे. थेंब फार झोंबतात. काय करावे?

बऱ्याच थेंबांत बेंझाल्कोनियम क्लोराइड नावाचे संरक्षक असते. अश्रू पुरेसे असलेल्या डोळ्याला ते सहज खपते, कोरड्या डोळ्याला ते रोज सोलवटते. संरक्षक नसलेले, एकदाच वापरायच्या कुप्यांतले थेंब मिळतात. त्यांची नावे घेऊन मागा. एका बाटलीत दोन औषधे असलेले मिश्रण घेतले तरी संरक्षकाचा मारा कमी होतो. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर ती काढून थेंब घालावा आणि पंधरा मिनिटांनी परत बसवावी.

जोग्रेनसाठी प्रेडनिसोलोनसारखे स्टिरॉइड चालू असेल तर तेही डोळ्याचा दाब वाढवू शकते. दाब एकाएकी चढला तर नवे थेंब मागण्याआधी स्टिरॉइड केव्हा सुरू झाले, ही तारीख आठवून पाहा.

इतर कोणत्या औषधांनी तोंड कोरडे पडते आणि दाबही चढू शकतो?

सर्दी-अ‍ॅलर्जीवरची झोप आणणारी जुनी औषधे, अ‍ॅमिट्रिप्टिलिनसारख्या गोळ्या, लघवी आवरण्यासाठीची ऑक्सिब्युटिनिन, पोटातल्या मुरड्यावरची हायोसिन, प्रवासात उलटी होऊ नये म्हणून घेतलेल्या काही गोळ्या. ही सगळी मस्कॅरिनिक ग्राहक बंद करतात, त्यामुळे पायलोकार्पिनच्या बरोबर उलट खेचतात. एकीकडे ऑक्सिब्युटिनिन आणि दुसरीकडे लाळेची गोळी अशी जोडी चिठ्ठीवर दिसली तर फार्मासिस्टला दाखवा. कोन अरुंद असलेल्यांना या औषधांनी दाबाचा झटका येऊ शकतो. कोन उघडा असेल तर सहसा तेवढी भीती नाही.

तोंडासाठी गोळी नकोच असेल तर?

घोटघोट पाणी, साखर नसलेले झायलिटॉलचे च्युइंगम, कृत्रिम लाळेचा फवारा किंवा जेल. जेल रात्री जास्त उपयोगी, कारण झोपेत लाळ तशीही कमीच होते. आंबट गोळ्या चघळू नका, लाळ नसताना आम्ल दातांना खाते. दातांच्या डॉक्टरांकडून जास्त फ्लोराइडची टूथपेस्ट लिहून घ्या आणि जिभेवर पांढरा थर किंवा आग जाणवली तर बुरशीची तपासणी करून घ्या.

थेंब घालायची बरोबर पद्धत कोणती?

एकच थेंब. डोळ्यात तसेही एकाहून जास्त मावत नाही, उरलेला गालावर ओघळतो. खालची पापणी ओढून त्या खोबणीत थेंब सोडा, डोळा अलगद मिटा आणि नाकाकडचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटे दाबून धरा. त्याने अश्रुनलिका बंद होते आणि औषध डोळ्यातच राहते. टिमोलॉलची धाप, ब्रिमोनिडीनची कोरड आणि डॉर्झोलॅमाइडची कडू चव या तिन्हींवर हा एक बिनखर्ची उपाय आहे, आणि चिठ्ठी लिहिताना तो सांगायला वेळ नसतो. दोन वेगळे थेंब असतील तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्या.

थेंब घालायचा राहिला तर?

आठवल्यावर घाला. पुढच्या थेंबाची वेळ जवळ आली असेल तर राहिलेला सोडून द्या. दोन थेंब एकदम घालून भरपाई होत नाही. लॅटॅनोप्रोस्टचे जास्त थेंब घातले तर दाब उतरण्याऐवजी परिणाम कमी होऊ शकतो.

केव्हा थांबायचे नाही, सरळ रुग्णालय गाठायचे?

डोळा एकाएकी प्रचंड दुखणे, लाल होणे, दिव्यांभोवती रंगीत कडी दिसणे, सोबत डोकेदुखी आणि उलटी. उलटीमुळे पोटाचा आजार वाटून काही तास फुकट जातात, म्हणून तिथे गेल्यावर पहिले वाक्य डोळ्याचे असू द्या. डोळ्यासमोर अचानक ठिपके, चमका किंवा पडदा आल्यासारखे दिसले, विशेषतः पायलोकार्पिन थेंब चालू असताना, तर त्याच दिवशी डोळे दाखवा. आणि थेंब किंवा गोळी घेतल्यावर धाप लागली, छातीत शिटी वाजू लागली किंवा भोवळ येऊन पडलात, तर औषधाची बाटली सोबत घेऊन जा.